मिस्त्रीचा कान

“उघडू नको बे! पहिले ऐक.”

इंजिन जरा कुरकुरलं आणि कोणी पाना हातात घेतला, की मिस्त्री असा ओरडायचा. मग बाभळीचा हातभर दांडा काढायचा, एक टोक फिरत्या बेरिंगवर टेकवायचा, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटायचा. डावा हात वर. तो हात वर असेपर्यंत आम्ही खोकायचंसुद्धा नाही. शेजारी वीस रेचे धडधडत असताना आमच्या न खोकण्यानं त्याला काय मदत होत होती, देव जाणे. पण आम्ही थांबायचो.

हात खाली आला की निकाल. “बूश घासून राह्यलं. शनिवारी बदलू.” नाहीतर, “काई नाई झालं तिले. तेल मागते.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आमच्या मिस्त्रीची गोष्ट वेगळी अशी, की तो माणसांनाही तसाच ऐकायचा.

दुसरी मोठी लढाई लागायच्या दोन-चार वर्षं आधीचं हे सांगतो. कामरगावच्या पुढे, कारंज्याच्या रस्त्याला एक जिनिंग होतं. मी तिथे बॉयलरच्या भट्टीवर. मी चौथीतून निघालेला, मला सजवून लिहिता येत नाही. बायको गेल्याला आता वर्ष होईल. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. ती असती तर म्हणाली असती, एवढं लिहिण्यापेक्षा अंगण झाड.

ती रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. बायका त्याच्यापुढे उभं राहून दिवसभर कापूस लावायच्या. रुईचे तंतू हवेत असे भरलेले असायचे की दहा हातांवरचं माणूस धुक्यातल्यासारखं दिसायचं. खोकला सगळ्यांनाच होता. तिथे खोकल्याला कोणी आजार म्हणत नसे. त्यामुळे ज्याला खरोखर काही झालेलं असे, तोही त्या गर्दीत खोकत राहायचा, आडवा पडेपर्यंत.

राहायला आवारातच पत्र्याची चाळ. भोवती भिंत, भिंतीला एक फाटक, फाटकावर मुकादम. काम सुटलं की त्याच दिवशी खोली सुटायची. आम्हाला दुसरीकडे जागा नव्हती. धनजला माझा भाऊ होता, पण त्यानं वाटणी झाल्या दिवशी जे दार लावलं ते लावलंच.

मिस्त्री चाळीच्या टोकाच्या खोलीत एकटा राही. बायको कधीच वारलेली. कामाव्यतिरिक्त दिवसभर कानात रुईचे बोळे घालून फिरायचा. “कान जपा लागते,” म्हणायचा. “गोंगाटानं शिळा होते.” बोळ्यांमुळे तो स्वतः ओरडून बोलायचा आणि आपलं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागायचं. नव्या माणसाला वाटे, हा बहिराच आहे.

पहिल्या लढाईत तो इराकात, बसऱ्याकडे होता, फौजेच्या दवाखान्यातल्या पाण्याच्या पंपावर. तिथला एक डॉक्टर लाकडी नळी पाठीला लावून छाती ऐकायचा. मिस्त्रीनं त्याला विचारलं, आत काय ऐकू येतं? डॉक्टर म्हणे रिकामा होता त्या दिवशी. त्यानं नळी याच्या हातात दिली. ज्याला बेरिंग समजतं त्याला छातीही समजेल, असं तो म्हणाला, आणि दोन वर्षं शिकवलं. इकडे आल्यावर मिस्त्रीनं लेथवर शिसवी लाकडाची तशीच नळी काढली. चाळीत तिला ‘बिनभोकाची बासरी’ म्हणायचे.

सुई नाही, चिरफाड नाही, औषधाची बाटली नाही. दुपारच्या सुटीत भाकरी झाली की तो एखाद्याला उगाच हाक मारायचा. “अबे ये. पाठ दाखव.” बोटांनी पाठीवर टकटक करायचा, बाया माठ वाजवून घेतात तसा. मग नळी लावायचा आणि म्हणायचा, “घरवालीचं नाव घे.”

आता आमच्याकडे तेव्हा नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे. चांगले दांडगे हमाल लाजून लाल व्हायचे. मी एकदा विचारलं, “मिस्त्री, हे नावाचं काय खूळ?” तो म्हणाला, “आकडा म्हण म्हटलं तं माणूस बोंबलते. बायकोचं नाव हळूच घेते. मले हळूच पायजे.”

तुळशीराम हमालाला दोन बायका. त्याला म्हटलं नाव घे, तर तो म्हणतो, “कोनतीचं?”

“जिले भेतं तिचं.”

तुळशीरामानं दोन्ही घेतली. आम्ही हसून हसून लोळलो. मिस्त्री हसला नाही. तीन वेळा नळी त्याच जागी लावली. संध्याकाळी तुळशीरामाला म्हणाला, “गाडीत बस अन् अकोल्याच्या दवाखान्यात जा. उद्याच जा.” तुळशीरामाला साधा खोकलाही नव्हता. तो गेला तो मिस्त्रीच्या धाकानं. तिथे निघालं, की छातीत सुरुवात झाली आहे, पण वेळेवर आला. दोघी बायका रेच्यावर होत्या म्हणून तोवर खोली टिकली. महिन्याभरानं बरा होऊन परत आला, डॉक्टरांचा कागद घेऊन. त्याला वाटलं, कागद दाखवला की साहेब खूश होईल. मॅनेजरनं कागद वाचला आणि दोन बायकांसकट त्याला फाटकाबाहेर काढलं. छातीचा माणूस जिनात नको.

त्या दिवशी मिस्त्री जेवला नाही. माझ्या भट्टीपाशी येऊन बसला. “म्या बरा व्हायले पाठोला, नामदेवा. यायनं हाकलून देल्ला.” नंतर त्यानं कोणाला उघडपणे तपासलं नाही. पण लोकच भिऊन राहिले. मिस्त्री दिसला की खोकला गिळायचे. एक बाई तर पदर तोंडात कोंबून त्याच्यासमोरून जायची. आत राहिलं तर छाती जाते, सांगितलं तर डोक्यावरचं छप्पर जातं. अशा ठिकाणी आम्ही होतो. भिंतीपलीकडे रस्ता दिसायचा, त्यावरून गाड्या जायच्या, आणि आम्ही खोकला गिळत बसायचो.

माझ्या बायकोला त्या माघात संध्याकाळी कणकण येऊ लागली. खोकला नेहमीचाच. मी म्हटलं, थंडीचं असेल. ती रोज रेच्यावर जातच होती.

मिस्त्री एके दिवशी तेल घालत बायकांच्या रांगेतून फिरला. परत आला आणि कानातले बोळे काढून मला म्हणाला, “तुह्या बायकोचा श्वास आखूड पडून राह्यला.”

“वीस रेच्यांत तुले तिचा श्वास ऐकू आला?”

“डोये हायेत ना मले. पदर वर-खाली होते तो पाह्यला.” मग हळू म्हणाला, “पाठ ऐका लागते, नामदेवा.”

झालं. आता परक्या पुरुषानं बाईच्या पाठीला हात कसा लावायचा? मिस्त्रीनं स्वतःच तोड काढली. “म्या बाहेर बसतो. नळी तू लाव. कसं ऐकू येते ते मले सांग. चांगलं का वाईट, ते म्या ठरवतो.” चांगल्या-वाईटाची खूण त्यानं मला सांगितली नाही. कोणालाच सांगत नसे. सांगितली की माणूस मनासारखं ऐकतो, असं त्याचं म्हणणं.

बाजाराचा दिवस होता. चाळ अर्धी रिकामी. आमच्या दाराला गोणपाटाचा पडदा. मिस्त्री पडद्याबाहेर, आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला. आत ती माझ्याकडे पाठ करून बसली. तिची पाठ मी दिवसाउजेडी अशी कधी पाहिली नव्हती. केवढीशी होती.

“खांद्याच्या फऱ्याखाली लाव,” बाहेरून हुकूम. “उजव्या अंगाले पहिले. सूनबाई, आता नवऱ्याचं नाव घे. हळूच.”

 मी म्हटलं, “घे ना वं.”

“असं कसं घेऊ?” ती कुजबुजली. “तुमचं वय कमी होते.”

मिस्त्रीनं ते ऐकलं. त्याला सगळं ऐकू यायचं. “सूनबाई, त्याचे दोन वर्सं कमी झाले तं माह्यातले त्याले देतो. घे.”

मग तिनं घेतलं. उजवीकडे काही समजलं नाही. गोधडीत तोंड घालून कोणी बोलावं तशी नुसती गुरगुर. मी नळी डावीकडे, खाली नेली. “आणखी एकदा,” मिस्त्री म्हणाला.

“नामदेव.”

काय सांगू तुम्हाला. लग्नाला सात वर्षं झाली होती. या बाईनं मला ‘अवो’ शिवाय हाक मारली नव्हती. आणि ते नाव तिच्या पाठीतून, थेट माझ्या कानात, असं स्वच्छ आलं, जणू ती माझ्या कानाला ओठ लावून म्हणत होती. प्रत्येक अक्षर. ना, म, दे, व. मला वाटलं, हिच्या आत मी असा बसलेला आहे. मी वेड्यासारखा पडदा सारून बाहेर आलो आणि ओरडलो, “साफ आलं मिस्त्री! डाव्या अंगाले एकदम साफ आलं! नाव घेतलं तिनं माह्यं!”

मिस्त्री उठला नाही. नुसतं म्हणाला, “हळू बोल.”

मग त्यानं मला खूण सांगितली. चांगल्या फुप्फुसात हवा असते. हवेत शब्द विरून जातो, बाहेर गुरगुर येते. आत दुखणं धरलं की ती जागा घट्ट होते. घट्ट जागेतून शब्द साफ येतो.

मी तिथेच बसलो. आतून तिनं विचारलं, “काय म्हनते मिस्त्रीबाबा?” मी म्हटलं, “काही नाही. पांघरूण घे.”

“आता फक्त तळहाताएवढी जागा हाये,” मिस्त्री म्हणाला. “पसरली नाई. तीन हप्ते पडून राह्यली, रुई नाकात गेली नाई, तं उठते. रेच्यावर गेली तं नाई उठत.”

तीन हप्ते! तीन दिवस बाई घरी राहिली तर मुकादम चौकशीला यायचा. दवाखाना म्हणजे कागद, कागद म्हणजे फाटक. धनजला दार बंद. मी त्याच्या पुढे हे सगळं ओकलो. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “तिचा रेचा कोनता?”

“आठ नंबर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनातल्या लोकांनी जन्मात न पाहिलेलं पाहिलं. मिस्त्रीनं आठ नंबरचा रेचा खोलला. चांगला चालणारा रेचा. रोलर काढले, पाती काढली, दाते काढले, सगळं घासलेट लावून गोणपाटावर मांडलं, आणि एकेक तुकडा हातात घेऊन मान हलवत बसला. मुकादमानं विचारलं तर म्हणे, “आतून बिघडला. येळ लागन.” ज्याचा रेचा बंद ती बाई घरी बसते, हा तिथला कायदाच होता. कोणी काही विचारायचं कारण नव्हतं.

त्याला ते उघडं यंत्र पाहवत नसे. मी पाहत होतो ना. दुपारी भाकरी खाताना यंत्राकडे पाठ करून बसायचा.

इकडे ती पडून. मी सकाळ-संध्याकाळ जवस वाटून, गरम करून, फडक्यात बांधून तिच्या पाठीवर शेक ठेवायचो. मिस्त्रीनंच शिकवलं. आणि रोज नळी. रोज ती एकदा नाव घ्यायची. पहिले आठ दिवस ते तसंच साफ. मग एके दिवशी ‘दे’ पुसट झाला. मग ‘व’ गेला. मी बाहेर येऊन सांगायचो, “आज ‘व’ नाई ऐकू आला,” आणि मिस्त्री मांडीवर थाप मारायचा. “शाबास सूनबाई!” माझं नाव तिच्या पाठीत रोज थोडं थोडं बुडत होतं आणि आम्ही दोघं बाप्ये त्याचा सण करत होतो. बाविसाव्या दिवशी दोन्हीकडे सारखीच गुरगुर. ती बरी झाली. पुढे उभ्या जन्मात तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही म्हटलं नाही, घे म्हणून.

पण मी ओरडलो होतो ना. बाजाराच्या दिवशी, चाळीत, ‘साफ आलं’ म्हणून. मुकादमाची बायको दोन खोल्या सोडून राहायची. तिनं नवऱ्याला सांगितलं, की मिस्त्री चाळीत बसून छात्या ऐकवतो. मुकादमानं ते पोटात ठेवलं, आठ नंबर तीन हप्ते उघडा पडलेला पाहिला, आणि बाविसाव्या दिवशीच मॅनेजरच्या कानात सोडलं.

मॅनेजर भट्टीवर आला. मी तिथेच. मिस्त्री बॉयलरचं माप पाहत होता.

“मिस्त्री, तुमचा कान फार तेज आहे म्हणतात,” मॅनेजर गोड बोलला. “सोमवारपासून फाटकात बसा. एकेकाची छाती ऐका. खराब असेल त्याच्या नावापुढे फुली मारा. आणि या नामदेवच्या बायकोपासून सुरुवात करा. तिला काय झालंय?”

मी हातातलं फावडं खाली ठेवलं. ती बरी झाली होती, पण नुकतीच. आणि तिच्यामागून फुलीसाठी चाळीतली निम्मी माणसं होती.

मिस्त्रीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “चुली? चुली कायले पेटवता साहेब? बॉयलर हाये ना.”

“फुली! फुली!”

“अवो पेटला हाये बॉयलर. हा पाहा.”

मुकादम म्हणाला, “सोंग करून राह्यला साहेब.” मॅनेजरनं माझ्याजवळचा मोठा पाना उचलला आणि मिस्त्रीच्या मागे, पत्र्यावर, जोरानं टाकला. मी उडालो. मुकादम उडाला. टाकणारा स्वतः दचकला. मिस्त्रीची पापणी हलली नाही. आणि सांगतो, त्या वेळी त्याच्या कानात बोळे नव्हते. मी पाहिलं.

“दोन मयने झाले, मले ऐकू येत नाई,” मग तो आपणच म्हणाला. “भेवानं सांगतलं नाई. आठ नंबर कायले खोलला असता मंग? कान असते तं खोलला असता काय म्या?”

 मिस्त्री विनाकारण यंत्र खोलत नाही, हे सगळ्या जिनाला माहीत होतं.

मिस्त्रीनं खिशातून शिसवी नळी काढली. मला हातानं खूण केली, भट्टीचं दार उघड. मी उघडलं. त्यानं नळी आत टाकली. “बहिऱ्याले बासरी कायले?” म्हणाला.

बहिरा मिस्त्री इंजिनावर ठेवता येत नाही. संध्याकाळच्या आत खोली खाली करायला सांगितलं.

मी तिथे उभा होतो आणि गप्प होतो. तोंड उघडलं असतं तर त्याचं सोंग फुटलं असतं, आणि मग फाटकातल्या फुल्या, पहिली आमची. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. खरं आहे. पण मी गप्प होतो, हेही खरं आहे. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मला वाटतं.

नव्या मिस्त्रीनं आठ नंबर एका दिवसात जोडला. ती परत उभी राहिली. आम्ही तिथे आणखी अकरा हंगाम काढले. जायचं कुठे? नळी नव्हती, तरी मी तिच्या पाठीला नुसता कान लावून ऐकायचो. बाकीच्यांच्या पाठी ऐकणारं कोणी उरलं नाही. खोकणारे खोकत राहिले आणि त्यातले काही फाटकातून आडवे बाहेर गेले. म्हातारपणी पुतण्यानं तिच्या छातीचा फोटो अकोल्यात काढला. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, डावीकडे जुना डाग आहे, कधीचा बरा झालेला, फार लवकर धरला असेल कोणी. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी फोटो गुंडाळला. ती गेली ती दुसऱ्याच दुखण्यानं. छाती शेवटपर्यंत चांगली होती.

मिस्त्री गेला त्या संध्याकाळचं सांगून थांबतो. एक पेटी डोक्यावर, एक गाठोडं हातात. मॅनेजरनं मुकादमाला सोबत धाडलं होतं, मुख्य रस्त्याला लागेपर्यंत नजर ठेव म्हणून. आम्ही फाटकाच्या आत, ते बाहेर. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं समजलं होतं. ती फाटकाचे गज धरून उभी राहिली. कधी त्याच्यासमोर मान वर न करणारी बाई मोठ्यानं ओरडली, “मिस्त्रीबाबा!”

तो चालत राहिला.

“मिस्त्रीबाबा, अवो!”

मुकादम त्याच्या तोंडाकडेच पाहत चालला होता.

तेवढ्यात मागून सरकीची बैलगाडी आली. गाडीवान हाका मारू लागला, “ओ, सरका! ओ म्हातारबा!” मिस्त्री रस्त्याच्या मधोमध. मुकादम बाजूला झाला, हा नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटा त्याच्या पाठीशी वाजत होत्या, जोखड पाठीला लागतं की काय असं झालं. गाडीवानानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी त्यानंच कासरा ओढला, गाडी रस्त्याखाली उतरवली, एक चाक शेताच्या धुऱ्यावर चढवलं, आणि त्याला वळसा घालून पुढे नेली. मिस्त्री एकाच चालीनं, रस्त्याच्या मधूनच, चालत होता.